तुतनखामेनचा क्लेम : कुठला मार कधीचा?

पंचनामेवाला (धागालेखक)

गेली बावीस वर्षं मी ठोकलेल्या गाड्या बघून पोट भरतो. वाहन विम्याचा सर्व्हेअर. माणूस क्लेम घेऊन येतो, पुढचा बंपर, बोनेट, एक दरवाजा, आणि वर 'साहेब, मागचा डेंटपण यातच घ्या ना'. मागच्या डेंटला बोट लावलं की कळतं, कडेला गंज धरलाय, आत चिखल वाळून बसलाय. म्हणजे हा मार आधीचा. कधी कधी गाडी क्रेनने ओढून आणतानाच निम्मी मोडलेली असते, तो हिशोब आणखी वेगळा.

मध्यंतरी पाठीच्या दुखण्याने पंधरा दिवस आडवा होतो. तेव्हा इजिप्तच्या तुतनखामेनबद्दल जे हाताला लागेल ते वाचत सुटलो. आठ-नऊ वर्षांचं पोर गादीवर बसलं, नऊ-दहा वर्षं राज्य केलं, अठरा-एकोणिसाव्या वर्षी गेलं. इसवी सनापूर्वी १३२३ च्या आसपास. कशाने गेलं हे कुठल्याही शिलालेखात नाही, पपायरसवर नाही. मग उरतो तो देह, आणि त्या देहावर गेल्या शंभर वर्षांत खून, रथाचा अपघात, मलेरिया, मिरगी, पाणघोड्याचा चावा असे सगळे क्लेम दाखल झालेत. जो तो मोडलेल्या हाडावर बोट ठेवतो. ते हाड कधी मोडलं, हे मात्र पहिल्यांदा कोणी विचारत नाही.

आता ओढून आणतानाचं नुकसान बघा. हॉवर्ड कार्टर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला थडग्याची पहिली पायरी लागली ४ नोव्हेंबर १९२२ ला. ममी उघडायला पुढची तीन वर्षं गेली. पेटीत पेटी, तिच्यात आणखी एक पेटी. सगळ्यात आतली निव्वळ सोन्याची, ११० किलोंची. पुरताना पुरोहितांनी देहावर आणि त्या पेटीवर बादल्याच्या बादल्या सुगंधी तेल आणि राळ ओतली होती. तेहतीस शतकांत ती डांबरासारखी घट्ट झाली आणि ममी पेटीच्या तळाला, तोंड मुखवट्याला चिकटून बसलं. कार्टरने पेटी उन्हात ठेवून बघितली. लक्सरचं ऊन, तरी राळ ढिम्म. शेवटी ११ नोव्हेंबर १९२५ ला डग्लस डेरी आणि सालेह बे हमदी या दोन डॉक्टरांनी देह पेटीत असतानाच काम सुरू केलं. हात सोडवले, पाय सोडवले, धड कमरेशी कापलं, मुंडकं वेगळं केलं आणि तापवलेल्या सुऱ्या घालून मुखवट्यातून काढलं. पट्ट्यांच्या घड्यांतून १४३ दागिने आणि वस्तू निघाल्या. मग सगळे तुकडे वाळूच्या ट्रेमध्ये नीट मांडून, अख्खा माणूस निजल्यासारखा दिसेल असे ठेवले आणि १९२६ मध्ये परत थडग्यात.

आमच्याकडे अशी गाडी आली तर मी पहिला शेरा मारीन, 'वाहन मूळ स्थितीत नाही.'

तर माझं म्हणणं एवढंच. आधी प्रत्येक मोडीची तारीख लावू या. मरणाआधीची, मसाला भरणाऱ्यांच्या (म्हणजे देहाची ममी करणाऱ्यांच्या) हातची, कार्टरच्या टेबलावरची, की त्यानंतरची? मग खून की अपघात ते बोलू. इथे डॉक्टर मंडळी आहेत, चुकलो तर कान धरा.

चिंचगूळ

पहिला! वाखू (वाचनखूण) साठवली आहे. पण काका, पाठीच्या दुखण्यात माणसं गीतरहस्य वाचतात, तुम्ही ममी फाडताय.

भटकी_मावशी

मी याला भेटून आलेय हो. लक्सरला, राजांच्या दरीत. तेव्हाच्या बाकीच्या थडग्यांपुढे याचं थडगं म्हणजे चाळीतली खोली. सेती पहिल्याच्या थडग्यात उतरता उतरता पाय दुखतात, इथे एक जिना, एक उतरती वाट आणि चार खोल्या, संपलं. २००७ पासून ममी काचेच्या पेटीत, हवा-तापमान सांभाळून ठेवली आहे. तागाच्या चादरीतून फक्त तोंड आणि पावलं बाहेर. काळाकुट्ट, इतकुसा चेहरा. पुढचे दात थोडे पुढे आलेले. माझ्या पुढे एक इजिप्शियन शाळकरी मुलगी होती, तिने काचेला हात लावून हळूच काहीतरी विचारलं त्याला. कळलं नाही मला, अरबी येत नाही.

सोन्याचं सगळं तिथे नाही बरं का. ते कैरोकडे. आता गिझाच्या पिरॅमिडांजवळच्या नव्या मोठ्या म्युझियममध्ये नेलंय. तो स्वतः मात्र दरीतच आहे.

शंकेखोर

लेख चांगला, पण खुनाचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात गुंडाळलात. १९६८ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या हॅरिसन यांनी थडग्यातच एक्स-रे काढले, त्यात कवटीच्या आत सुटा हाडाचा तुकडा दिसला होता. मागच्या बाजूला संशयास्पद सावलीही होती. हे काय हवेतून आलं? शिवाय फायदा कोणाला झाला बघा. राजा मेला, मूलबाळ नाही, आणि गादीवर कोण? आय. म्हातारा दरबारी, आधीच्या राजापासून सगळ्या किल्ल्या हातात असलेला. थडग्याच्या भिंतीवरच चित्र आहे, बिबट्याचं कातडं पांघरून आय मेलेल्या राजाच्या 'मुख उघडण्या'चा विधी करतोय, आणि डोक्यावर राजमुकुट! हा विधी वारसाने करायचा असतो. बॉब ब्रायर या अमेरिकन अभ्यासकाने १९९८ मध्ये याच आयला आरोपी करून अख्खं पुस्तक लिहिलं.

चिंचगूळ

अठरा वर्षांचा राजा, घरातलाच म्हातारा, गादीवर डोळा... मला एकदम शनिवारवाड्यातून हाक ऐकू आली.

पंचनामेवाला

@चिंचगूळ, मलाही पहिल्यांदा वाचताना तीच ऐकू आली. म्हणूनच सावध झालो. नारायणरावाच्या बाबतीत कट होता, त्याची कागदपत्रं आहेत, गारदी आहेत, रामशास्त्री आहेत. इथे आयच्या विरुद्ध काय आहे? तो म्हातारा होता आणि त्याला गादी मिळाली. एवढ्यावर मी कोणाचा स्कूटरचा क्लेमसुद्धा फेटाळणार नाही.

@शंकेखोर, तुकड्याचं सांगतो. जानेवारी २००५ मध्ये ममीला थडग्याबाहेर काढून ट्रेलरमधल्या मशीनने सीटी स्कॅन केला. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांचा चमू, सतराशेच्या आसपास प्रतिमा. कवटीत एक नाही, दोन सुटे तुकडे निघाले, आणि ते मानेच्या सगळ्यात वरच्या मणक्याचे आणि कवटीच्या बुडाच्या भोकाच्या कडेचे आहेत. आता गंमत बघा. मेंदू काढल्यावर मसाला भरणाऱ्यांनी कवटीत पातळ राळ ओतली होती, दोनदा. एकदा माणूस उताणा असताना, एकदा डोकं खाली लोंबतं ठेवून. एक थर मागे, एक टाळूशी, काटकोनात. हे दोन्ही थर आत थिजलेले स्कॅनमध्ये स्वच्छ दिसतात. हे तुकडे जर जिवंतपणी लागलेल्या माराने सुटले असते तर राळेत रुतले असते, माशी मधात रुतावी तसे. ते तर सुटे खडखडतायत! म्हणजे राळ वाळल्यावर सुटले. डोकं मुखवट्यातून उपटताना मान आणि कवटीच्या बुडालाच सगळा जोर लागला असणार, नाही का?

खुनाचा मुख्य पुरावा म्हणजे ओढून आणतानाचा मार.

हाडांचा_डॉक्टर

वा! तुम्ही आमच्या कॉलेजात फॉरेन्सिक शिकवायला हवे होतात.

पुरवणी जोडतो. १९६८ ची ती 'सावली' म्हणजे कवटीच्या मागे खाली हाड पातळ किंवा दाट दिसणं. साध्या एक्स-रेत डोकं थोडं तिरकं असलं तरी असं दिसतं, त्यावरून रक्तस्राव ठरवणं धाडसाचंच. हॅरिसन यांनी स्वतः तो तुकडा मसाला भरतानाचा असावा असंच म्हटलं होतं, सावलीबद्दल 'असू शकेल' इतकंच. खून बाकीच्यांनी पूर्ण केला.

खरी रंगत डाव्या मांडीच्या हाडात आहे. गुडघ्याच्या थोडं वर तुटलंय. तिथे दोन गोष्टी दिसतात : मोडीच्या आत मसाल्याचा द्रव शिरलेला, आणि हाड जुळायला लागल्याची खूण अजिबात नाही. पंचनामेवाल्या, तुमच्या भाषेत काय म्हणायचं याला?

पंचनामेवाला

आत चिखल बसलाय, पण गंज धरलेला नाही. म्हणजे मार क्रेनच्या आधीचा, आणि गाडी बंद पडण्याच्या जरासाच आधीचा.

हाडांचा_डॉक्टर

नेमकं. आता 'जरासाच' म्हणजे किती ते ठरवताना जपायला हवं. वर्तमानपत्रांत 'मरणाआधी काही दिवस' असं आलं होतं. हाड तुटल्यावर जोड धरतोय हे चित्रात दिसायला दोन-तीन आठवडे जातात. तेव्हा खूण नाही याचा अर्थ काल मोडलं असाही होईल आणि आठ-दहा दिवसांपूर्वी मोडलं असाही. कातडी फाटून हाड बाहेर आलं असेल तर त्या काळात त्या मुलाचं कठीणच होतं. अँटिबायोटिक नाही, जखम चिघळली की ताप, विषबाधा, खेळ खलास.

पण हेही सांगतो की त्या २००५ च्या चमूतच या मांडीवर एकमत झालं नाही. काहींचं म्हणणं, द्रव आत गेला म्हणजे मसाला भरताना जखम उघडी होती हे कबूल, पण मसाला भरणाऱ्यांनीच देह हलवता-वळवताना मोडलं असेल. काही म्हणाले कार्टरच्या माणसांनी. मला स्वतःला जिवंतपणीच मोडलं असावं असं वाटतं, कारण मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात दणकट हाड. ते निजलेल्या प्रेताला कुशीवर वळवताना मोडत नाही. पण मी ममी तपासलेली नाही, इथे खुर्चीत बसून बोलतोय.

गोदाकाठ

रथातून पडला असं एका कार्यक्रमात बघितलं होतं. थडग्यात सहा रथ सापडले ना?

पंचनामेवाला

सहा, हो. सुटे भाग करून ठेवलेले, कारण दारातून जात नव्हते; धुऱ्या करवतीने कापल्यात. तो रथाचा तर्क छातीवर उभा आहे. छातीचं मधलं हाड गायब, पुढच्या बरगड्या गायब. म्हणून कोणी म्हणतं रथाचं चाक गेलं, कोणी म्हणतं पाणघोड्याने फोडलं. वाचून मीही खूश झालो होतो, हे आपल्या लाइनीतलं आहे!

पण तारीख लावायला बसलो तर घोटाळा. डेरींनी १९२५ मध्ये इतकं बारकाईने तपासलं, छाती फुटलेली असती तर लिहिलं नसतं? तेव्हाच्या फोटोत छातीवर मण्यांचं जाळीकाम राळेत घट्ट बसलेलं दिसतं, डोक्यावर मण्यांची टोपी आहे. कार्टरने ती तशीच राहू दिली, निघत नव्हती म्हणून. १९६८ मध्ये हॅरिसन यांनी पेटी उघडली तेव्हा टोपी नाही, छातीचे मणी नाहीत, बरगड्या नाहीत. मधल्या बेचाळीस वर्षांत, बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, कोणीतरी आत शिरून मण्यांसाठी छाती कापून नेली असा काही अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. बरगड्यांची टोकं सफाईने कापल्यासारखी आहेत.

म्हणजे गाडी आमच्या यार्डात उभी असताना रात्री कोणीतरी स्टिरिओ काढून नेला, आणि डॅशबोर्ड फुटलेला बघून आम्ही अपघाताचा वेग काढत बसलो.

शंकेखोर

हे 'बहुधा' किती वेळा येणार आहे धाग्यात? बेन्सन हॅरर या अमेरिकन डॉक्टरांचं म्हणणं याउलट आहे. त्यांच्या मते बरगड्या मसाला भरणाऱ्यांनीच काढल्या, कारण छाती आधीच चेंगरलेली होती. हृदयही सापडलेलं नाही. इजिप्तमध्ये बाकी सगळं काढतील, हृदय आत ठेवतात, परलोकात तराजूत तेच तोलायचं असतं. राजाच्या देहात हृदय नाही, हे साधं आहे?

पंचनामेवाला

नाही, हा मुद्दा साधा नाही. मान्य. हृदयाचा रकाना मी रिकामा ठेवतो. पण हृदय नाही यावरून चाक गेलं असंही ठरत नाही, आणि मण्यांचं काय झालं हे हॅरर यांना सांगावंच लागेल.

खडीसाखर

उशिरा आले, सगळे हाडंच मोजतायत म्हणून जरा कागदाकडे नेते. मातीकडे म्हणा.

तुर्कस्तानात बोआझकोय इथे, म्हणजे हित्ती लोकांची राजधानी हत्तुशा, विटांसारख्या पाट्यांवर राजा सुप्पिलुलिउमाची हकीकत सापडली. त्याच्या मुलाने, दुसऱ्या मुर्शिलीने लिहवलेली. त्यात इजिप्तच्या राणीचं पत्र आहे. माझा नवरा मेला, मला मुलगा नाही, तुला पुष्कळ मुलगे आहेत म्हणतात. एक दिलास तर तो माझा नवरा होईल. माझ्या नोकराशी मी कधी लग्न करणार नाही. आणि पुढे, मला भीती वाटते.

सुप्पिलुलिउमा चक्रावला. असलं कधी ऐकलं नव्हतं. खरं-खोटं करायला त्याने हत्तुशझिती नावाचा माणूस पाठवला. तो वसंतात परतला, सोबत इजिप्तचा वकील आणि राणीचं दुसरं, रागावलेलं पत्र : मला मुलगा असता तर मी माझी आणि माझ्या देशाची लाज परक्या मुलखाला लिहिली असती का? शेवटी झनान्झा नावाचा राजपुत्र निघाला. वाटेत मारला गेला.

पत्रातल्या मेलेल्या राजाचं नाव निब्हुरुरिया. तुतनखामेनचं राज्यनाव नेबखेपेरुरे, तंतोतंत जुळतं. मग ही राणी अंखेसेनामून, त्याची सावत्र बहीण आणि बायको, आणि 'नोकर' म्हणजे आय. एका अंगठीवर आय आणि अंखेसेनामून यांची नावं शेजारी शेजारी कोरलेली मिळाली होती. त्यानंतर ती बाई इतिहासातून नाहीशी होते.

खून झाला असं मी म्हणत नाही. पण त्या राजवाड्यात काय चाललं होतं ते या दोन शब्दांत येतं. 'भीती वाटते.'

चिंचगूळ

अंगावर काटा.

तंबोरा

@खडीसाखर, हाच सुप्पिलुलिउमा ना, ज्याच्या मितान्नी राज्याशी झालेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत? म्हणजे आपले वैदिक देव तुतनखामेनच्या मामल्यात शेजारच्याच गावात हजर! यावरून असं सिद्ध होतं की

संपादक मंडळ

तह तोच आणि देवही तेच, हे बरोबर आहे. मात्र त्यावरून काय सिद्ध होते हा विषय यापूर्वी तीन धाग्यांवर होऊन तिन्ही बंद करावे लागले आहेत. वरील प्रतिसादातील पुढचा मजकूर काढला आहे. चर्चा मृत्यूपुरती ठेवावी ही विनंती.

तंबोरा

ठीक आहे, गप्प बसतो. 😀

शंकेखोर

खडीसाखरताई, पत्र जबरदस्त आहे, पण त्या विधवेला तुतनखामेनची विधवा मानायला एक अडचण आहे. थडग्यातल्या फुलांचा काय निकाल लागला माहीत आहे का?

खडीसाखर

माहीत आहे, आणि तुम्ही ते काढणार हेही माहीत होतं. सांगा तुम्हीच.

शंकेखोर

पेटीवरच्या माळांमध्ये निळ्या कॉर्नफ्लॉवरची फुलं, कॅमोमाइलसारखी पांढरी मेवीडची फुलं, ऑलिव्हची पानं, निळ्या कमळाच्या पाकळ्या आहेत. पर्सी न्यूबेरी या वनस्पतितज्ज्ञाने तेव्हाच हिशोब मांडला की ही फुलं एकत्र ताजी मिळायची म्हणजे मार्चचा मध्य ते एप्रिल अखेर. दफन तेव्हा झालं. मसाला भरायला सत्तर दिवस. उलटं मोजा, राजा जानेवारी-फेब्रुवारीत गेला.

आता पत्र. पहिलं पत्र आलं तेव्हा सुप्पिलुलिउमा कारखेमिश शहराला वेढा घालून बसला होता. त्यानंतर त्याचा माणूस इजिप्तला गेला, हिवाळा तिकडे काढला, वसंतात परतला. म्हणजे राजा त्या हिवाळ्याच्या आधीच मेलेला हवा. फुलं म्हणतात हिवाळ्यात मेला. म्हणून काही जण ती पत्रं तुतनखामेनच्या नाही, अखेनातेनच्या, म्हणजे बहुधा त्याच्या बापाच्या, मरणानंतरची मानतात. त्याचं राज्यनाव नेफेरखेपेरुरे, तेही ओढूनताणून निब्हुरुरिया होतं म्हणतात.

खडीसाखर

ओढूनताणूनच. नावात 'नेफेर' असताना तो हित्ती लेखनिक 'निब' का लिहील? मी नावाच्या बाजूने, तुम्ही फुलांच्या बाजूने. चहा प्यायला या, भांडू.

भटकी_मावशी

फुलांवरून आठवलं. थडगं घाईघाईत उरकलंय हे बघताना जाणवतं. भिंतीभर तपकिरी ठिपके आहेत, रंग ओला असतानाच दार चिणलं म्हणून बुरशी धरली म्हणतात. (आता मेलेली आहे ती, घाबरू नका.) दगडी पेटीचा खालचा भाग पिवळसर क्वार्टझाइट, झाकण तांबड्या ग्रॅनाइटचं, ते जुळावं म्हणून पिवळा रंग फासलाय. झाकण मधोमध तडकलेलं. आणि बाहेरची लाकडी शवपेटी उंच झाली, झाकण बसेना, तर सुताराने पावलांची टोकं तासून टाकली! तासलेल्या ढलप्या तळाशी तशाच पडलेल्या मिळाल्या. फारोच्या पायाची बोटं!

गोदाकाठ

घाई होती म्हणजे मरण अचानक आलं. मग आजाराचा तर्क बाद?

हाडांचा_डॉक्टर

बाद कशाने? आजारानेही माणूस अचानक जातो.

२०१० मध्ये हवास यांच्याच चमूने ममींच्या डीएनएवर शोधनिबंध काढला. त्यात तुतनखामेनसह चार ममींमध्ये फॅल्सिपेरम मलेरियाचे, म्हणजे डोक्यात जाणाऱ्या मलेरियाचे, अंश सापडले. डाव्या पावलाच्या दोन हाडांना रक्तपुरवठा तुटून ती सडत होती असं निदान केलं, पाऊल आत वळलेलं असंही म्हटलं. आणि आई-बाप सख्खे बहीण-भाऊ निघाले. बापाची ममी ५५ नंबरच्या थडग्यातली, बहुधा अखेनातेन. आई ३५ नंबरमध्ये मिळालेली, जिला नुसतंच 'तरुण स्त्री' म्हणतात. त्यांचा एकूण निष्कर्ष असा की अशक्त प्रकृती, त्यात मोडलेली मांडी, वर मलेरिया, यात पोरगं गेलं.

ऐकायला पटतं. पण दोन खडे. एक, त्या मलेरियावाल्या चार जणांत युया आणि थुया आहेत, म्हणजे याचेच पणजोबा-पणजी. दोघं पन्नाशी ओलांडून जगले! मलेरियाच्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या अंगात जंतू असतात आणि तो शेतावर जातो. जंतू सापडले म्हणजे त्यानेच मारलं असं होत नाही. हॅम्बुर्गच्या दोन शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी लगेच हरकत घेऊन सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची शक्यता मांडली, त्यातही हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. आमच्याकडे नंदुरबार-गडचिरोलीकडून येणाऱ्या पोरांच्या खुब्याचे असे एक्स-रे मी नेहमी बघतो, त्यामुळे मला हा विचार खुळचट वाटत नाही. दोन, तेहतीस शतकं त्या उष्णतेत डीएनए किती शाबूत राहतो यावरच तज्ज्ञांमध्ये वाद आहे.

आणि पाऊल शंभर वर्षांपूर्वीपासून सुटं आहे, तीन हजार वर्षं आवळून बांधलेलं होतं. वाकडं जन्मापासून की पट्ट्यांनी, इथेही पंचनामेवाल्यांचा प्रश्न आहेच.

पंचनामेवाला

डॉक्टर, म्हणजे मलेरिया हा 'टायर गुळगुळीत होता' यासारखा शेरा. खरा असेल, अपघाताला हातभार लागला असेल, पण गुळगुळीत टायरवर माणसं लाख किलोमीटर चालवतात.

हाडांचा_डॉक्टर

हा हा. हे मी विद्यार्थ्यांना सांगणार.

विजयादशमी७१

सगळे विद्वान शाप विसरलात. कार्टरच्या खोदकामाला पैसा पुरवणारा लॉर्ड कार्नारव्हॉन थडगं उघडल्यावर काही महिन्यांत गेला!

चिंचगूळ

आलात का, पान वाढून ठेवलंच होतं. कार्नारव्हॉन ५ एप्रिल १९२३ ला गेले, डास चावलेली जागा दाढी करताना कापली, ती चिघळली. तेव्हा ममी कोणी पाहिलीही नव्हती. ज्या डेरींनी ममीचे तुकडे केले ते पुढे तीसहून जास्त वर्षं जगले. कार्टर १९३९ पर्यंत. शापाचा नेम फारच वाईट होता.

वासंती_क

मी वाचनमात्र असते, आज लिहिते. थडग्यात दोन छोट्या शवपेट्या होत्या ना? त्यांच्याबद्दल कोणीच बोललं नाही.

खडीसाखर

हो वासंतीताई. दोन मुली. एक साधारण पाच महिन्यांची गर्भातली, दुसरी दिवस जवळजवळ भरलेली. दोघींनाही रीतसर मसाला भरून, पेटीत पेटी करून बापाजवळ ठेवलंय. पेट्यांवर नाव नाही, फक्त 'ओसायरिस', म्हणजे मृत. 'मला मुलगा नाही' हे वाक्य अंखेसेनामूनचं असेल तर ते या दोघींनंतरचं आहे.

वासंती_क

धन्यवाद. बडोद्याच्या म्युझियममध्ये सयाजीरावांनी आणवलेली एक ममी आहे, लहानपणी वडिलांनी दाखवली होती. पाय उघडा होता तिचा. बाकी काही आठवत नाही, बोटं आठवतात.

शंकेखोर

पंचनामेवाले, एवढी चर्चा झाली, आता तुमचा रिपोर्ट टाका. सर्व्हेअरने 'बघतो' म्हणून चालत नाही.

पंचनामेवाला

टाकतो.

कवटीतले तुकडे : राळ वाळल्यानंतरचे. कार्टरच्या टेबलावर, फार तर मसाला भरणाऱ्यांच्या हातून अगदी शेवटी. क्लेममध्ये धरू नयेत. खुनाला दुसरा आधार नाही.

हात, पाय, मान, कंबर : १९२५. वाद नाही.

छाती : १९२६ ते १९६८ मधली चोरी असं माझं मत, शंकेखोरांची हरकत नोंदवली. हृदय मिळालेलं नाही.

देह जळाल्यासारखा काळा : पेटीत तेलांनी स्वतःहून धुमसून. कार्टरनेही हेच लिहून ठेवलंय. मरणाशी संबंध नाही.

डावी मांडी : हीच एक मोड मला मरणाच्या दाराशी घेऊन जाते. डॉक्टर म्हणतात तसं, आठ-दहा दिवसांपर्यंतची. कशाने मोडली? रथातून पडला असेल, शिकारीत, जिन्यावरून, मला ठाऊक नाही आणि हाड ते सांगत नाही. मी 'तरुण राजा मांडी मोडून, जखम चिघळून, तापाने गेला' असं लिहीन आणि खाली सही करताना पेन थोडं थांबेल. मलेरिया पुरवणीत.

पंच म्हणून सह्या कोण करणार?

हाडांचा_डॉक्टर

मी करतो. पावलाबद्दल सही नाही.

शंकेखोर

मी नाही. हृदय शोधून आणा, मग बघू.

खडीसाखर

मी करते, पण राणीचं पत्र पुरवणीला जोडा. मरण अपघाती असलं तरी त्यानंतर ती घाबरलेली होतीच.

गोदाकाठ

एक शेवटचं. पाय अधू होता याला पुरावा म्हणून थडग्यातल्या त्या १३० काठ्या दाखवतात ना? त्या कुठल्या रकान्यात?

भटकी_मावशी

काठी तर तिथे मानाची खूण, प्रत्येक अधिकाऱ्याच्या चित्रात हातात असते. काही काठ्या झिजलेल्या आहेत म्हणतात, तेव्हा वापरत असेलही. आबनूसाच्या, हस्तिदंती, सोन्याच्या मुठीच्या, मुठीला शत्रूंची डोकी कोरलेल्या. त्यांतच एक साधी बोरूची आहे, सोन्याचं कडं बसवलेली. तिच्यावर लिहिलंय, 'महाराजांनी स्वतःच्या हाताने कापलेला बोरू.'

वासंती_क

कुठेतरी नदीकाठी उभं राहून कापला असेल.